आधी मातीला हात

ऋषी, तो डेकवरचा दिवा घालव बघू. डासांसाठी नव्हे. ही गोष्ट मला उजेडात सांगता येत नाही, एवढंच. आणि रुही, तुझा फोन उलटा ठेव. त्याचा उजेडही नको.

मघाशी जेवताना तू बातमी वाचून दाखवलीस. युरोपात कुठे तरी फुटबॉलची मॅच थांबवली, मैदानाशेजारी महायुद्धातला बॉम्ब सापडला म्हणून. आणि वर म्हणालीस, ‘काका, दॅट्स सो युरोप! इथे असलं काही होत नाही.’ मी ताकाचा पेला तोंडाला लावून गप्प बसलो. तुझी सरलाकाकू मात्र माझ्याकडे बघत राहिली. मी का गप्प बसलो ते तिला ठाऊक आहे.

इथेही होतं, बाळ. ह्याच नॉर्थ कॅरोलिनात, आपल्या कॅरीपासून तासाभराच्या ड्राइव्हवर.

मी भुताखेतांतला माणूस नाही. उभा जन्म औषधांच्या लॅबमध्ये घालवला. कुणी मला अंगारे-धुपारे सांगायला लागलं की मी चप्पल शोधतो. पण हे ज्याच्या बाबतीत घडलं तो राजीव आमच्यापासून चार घरांवर राहायचा, आणि त्यानं मला खोटं कधी सांगितलेलं नाही. शेवटचा भाग तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मध्ये कुणी बोलू नका.

दोन हजार तेवीस साल. ऑक्टोबरची चौदा तारीख, शनिवार, सर्वपित्री अमावस्या. हसू नकोस ऋषी, ती मी पदरची घातलेली नाही, कॅलेंडर काढून बघ. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. संध्याकाळी राजीवची बायको सुहासिनी देवाची भांडी घासत होती. ती म्हणाली, ‘अरे, घटाला माती राहिली. स्टोअरमधलं ते पॉटिंग सॉईल नको हं, त्याला खताचा वास येतो. खरी माती आण कुठून तरी.’

राजीव म्हणाला, ‘आणतो ना.’ जागेवरून उठला, गाडीची किल्ली घेतली, गराजमधलं खुरपं घेतलं, एक कापडी पिशवी घेतली. साधं काम. कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

पण वाटायला हवं होतं. त्या घरात त्याआधी वर्षभर सण नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा, देवांग, आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेला होता. अकरा वर्षांचा.

देवांग गोलकीपर होता. बारीक चणीचा, लांब बोटांचा पोरगा. बोलायचा सगळं इंग्लिशमध्ये, पण बापानं त्याला एक गोष्ट शिकवली होती. राजीव लहानपणी सांगलीला तालमीत जायचा. तिथली रीत अशी, की कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरताना आधी मातीला हात लावायचा, मग तो कपाळाला लावायचा. त्याशिवाय पाय टाकायचा नाही. देवांग प्रत्येक मॅचला तेच करायचा. इथली माती लाल, चिकट. कपाळावर लाल बोटं उमटायची. ती तशीच ठेवून तो ग्लोव्हज चढवायचा, गोलमध्ये जायचा आणि दोन्ही खांबांवर एकेक थाप मारायचा. ठप्. ठप्. मग गुडघे वाकवून, हात पसरून उभा. पहिल्यांदा कोचला गंमत वाटली, ‘व्हॉट्स दॅट, बडी?’ म्हणून विचारलं. महिन्याभरात सगळी टीम मातीला हात लावून आत जायला लागली. गोरी, काळी, मेक्सिकन, सगळी पोरं. मी पाहिलंय ते.

मग पोराच्या डोक्यात गाठ निघाली. आठ महिने. जास्त सांगत नाही.

एकच सांगतो. आईचा आणि त्याचा एक खेळ होता. दर वाढदिवसाला तळव्याला तळवा लावून बघायचा, कुणाची बोटं लांब. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात त्यानं आपणहून हात पुढे केला. सुहासिनीनं तळवा लावला. त्याचं मधलं बोट तिच्या मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरापर्यंत पोचलं. तो म्हणाला, ‘आई, नेक्स्ट इयर आय विल बीट यू.’

ती म्हणाली, ‘हो रे राजा. बीट कर.’

...थांबा. पाणी द्या जरा.

तर. राजीवच्या आईनं त्याला अमेरिकेला येताना गंगेचा गडू दिला होता. तुमच्यापैकी कुणी पाहिला नसेल. काशीहून आणतात. तांब्याचा, मुठीएवढा, तोंडाला डाख लावून बंद केलेला. देवघरात असतो आणि शेवटच्या घडीला फोडतात. आईला वाटलं असेल, आपल्या म्हातारपणी उपयोगी पडेल. राजीवनं तो फोडला पोरासाठी. चमचाभर पाणी तोंडात घातलं.

अस्थी त्यांनी वाईला नेल्या, कृष्णेत सोडल्या. पण राजीवनं त्यातली चिमूटभर काढून ठेवली होती, त्या रिकाम्या गडूत. तोंड मेणानं बंद केलं. इथे परत आल्यावर एकदा एकटाच मैदानावर गेला आणि गोलच्या डाव्या खांबामागे, जिथे पोरगं मातीला हात लावायचं तिथे, हातभर अंतरावर तो गडू पुरला. अस्थी मागे ठेवू नयेत, जीव अडकून राहतो म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. पण अडकून राहावा असंच त्याला वाटत होतं. सुहासिनीनं गडू कुठे गेला म्हणून विचारलं. ‘प्रवासात हरवला,’ म्हणाला. बायकोशी एवढं एकच खोटं बोलला असेल आयुष्यात.

आणि मग बाई दर सणावाराला म्हणायची, ‘राजीव, मला वाटतं तो गेलाच नाहीये. कुठे तरी अडकलाय रे. का अडकला असेल?’ हा खाली मान घालून बसायचा. सांगू शकला नाही. बोलून चालून बाप.

आता बॉम्ब. त्या अमावस्येच्या पंधरा दिवस आधी, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, देवांगच्या जुन्या टीमची मॅच होती. मीही गेलो होतो, सुहासिनीनं केलेल्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. मैदानाच्या कडेला दिव्यांच्या नव्या खांबांसाठी चर खणला होता. सेकंड हाफमध्ये बॉल उडाला आणि त्या चरात गेला. लाइन्समन आणायला उतरला. हा माणूस पूर्वी आर्मीत होता. तो खाली वाकला... आणि वाकलेलाच राहिला. मग अगदी सावकाश वर आला, बॉल तिथेच ठेवून. रेफरीच्या कानात काही तरी बोलला. शिट्टी वाजली.

‘एव्हरीबडी वॉक टू युअर कार्स. वॉक. डोन्ट रन.’

लाडवांचा डबा तिथेच राहिला.

नंतर कळलं, महायुद्धात त्या सगळ्या माळावर सैन्याचा सरावाचा तळ होता. पोरं इथे गोळे डागायला शिकायची आणि मग जहाजात बसून युरोपात मरायला जायची. जे गोळे फुटले नाहीत ते इथेच मातीत रुतले. वर गवत आलं, गवतावर पांढऱ्या रेघा आल्या, आणि आपली मुलं त्यावर खेळायला लागली. लीगनं सगळ्या मॅचेस कॅन्सल केल्या. मैदानाला पिवळी टेप लागली. माणसं यंत्रं घेऊन आली, इंच इंच जमीन तपासली, आणि जिथे जिथे खाली धातू लागला तिथे एकेक छोटं पिवळं निशाण खोचलं. मग पालकांना ईमेल आली: सोमवारपासून निशाणं लावलेल्या जागा खणू, आणि जे धोक्याचं वाटेल ते न हलवता जागच्या जागी उडवू.

धातू लागला तिथे.

गडू तांब्याचा होता.

आता कळलं, राजीव घटासाठी माती आणायला कुठे निघाला ते?

त्यानं गाडी मैदानाजवळच्या चर्चमागे लावली आणि झाडीतून चालत गेला. रात्रीचे नऊ वाजले असतील. मैदानावर एक दिवा नाही. अमावस्येचा अंधार, त्यात चहूकडे पाइनची झाडं. टेपखालून वाकून आत शिरला. टॉर्च जमिनीवर धरून चालायला लागला. जिकडे तिकडे निशाणं. वाऱ्यानं सगळी एकदम थरथरायची आणि एकदम थांबायची.

गोलचे पांढरे खांब दिसले. तो डाव्या खांबापाशी गेला. मागे हात लांबवून अंतर मोजलं. बरोबर त्याच जागी निशाण होतं. त्याला रडूच आलं. सापडलास, म्हणाला.

निशाण उपटलं. गुडघ्यावर बसला. खुरपं उचललं... आणि इतक्या वर्षांची सवय, खुरपं खाली ठेवून आधी मातीला हात लावला. मग कपाळाला.

रातकिडे गप्प झाले.

ठप्.

राजीवचा खांदा डाव्या खांबाला टेकलेला होता. खांब थरथरला. त्याला खांद्यात जाणवलं.

तो हलला नाही. वाट बघत राहिला. कसली, ते त्याला माहीत होतं.

...

ठप्.

उजवा खांब.

त्यानं मान वर केली. टॉर्च मारला. नुसती जाळी. मागे झाडं. कुणी नाही.

टॉर्च खाली केला.

गोलमध्ये कुणी तरी उभं होतं. गुडघे वाकवून. दोन्ही हात पसरून.

पुन्हा टॉर्च. जाळी.

टॉर्च खाली... तो.

राजीवनं टॉर्च विझवला. मला म्हणाला, ‘काका, भीती वाटली. स्वतःच्या पोराची भीती वाटली मला. ह्याचं सगळ्यात वाईट वाटतं.’

तोंड दिसत नव्हतं. पण उभं राहण्याची ढब... ती बाप चुकेल का?

‘देवू,’ तो म्हणाला.

काही नाही.

‘देवू, बाजूला हो बाळा. मी न्यायला आलोय तुला. सोमवारी हे लोक उडवतील रे सगळं.’

काही नाही.

त्यानं खुरपं उचललं. समोरचा एक पाऊल पुढे आला. आता दोघांच्या मधे फक्त जाळी आणि ती हातभर माती. राजीव बसल्या बसल्या डावीकडे सरकला. तोही सरकला. उजवीकडे सरकला. तोही. बॅकयार्डमध्ये दोघं असेच खेळायचे. बाप किक मारून मारून दमायचा आणि पोरगं एक गोल होऊ द्यायचं नाही. शेवटी बाप हात जोडायचा.

राजीवनं हात जोडले. ‘एक तरी घालू दे रे,’ म्हणाला.

मग गोलमधला तो सरळ उभा राहिला. हात खाली आले.

वळला.

गोलमधून बाहेर पडला आणि चालायला लागला. मागे वळून बघितलं नाही. गवताचा आवाज नाही. राजीव मागून. खुरपं हातात, टॉर्च बंद. निशाणांच्या मधून. एकाही निशाणाला धक्का लागला नाही त्याचा. वीसेक पावलांवर एक उघडी जागा होती, तिथे तो थांबला. वाकला. मातीला हात लावला. हात कपाळाकडे गेला...

आणि पुढे काही नव्हतं. अंधार.

रातकिडे पुन्हा ओरडायला लागले.

राजीवनं टॉर्च लावला. तिथेही एक निशाण होतं. खणायला लागला. मनगट आत जाईपर्यंत नुसती लाल माती, आणि मग... टण्.

गडू.

मग टॉर्च इकडे तिकडे फिरवला तेव्हा गवतावर त्याला खांब टेकल्याचे जुने वळ दिसले. गोल मूळचा इथे होता! ते गोल लोखंडी पायांचे, ढकलता येण्यासारखे. तपासणीवाल्यांनी यंत्रं फिरवायला तो बाजूला सरकवला होता. इंजिनिअर माणूस, सगळं खांबापासून मोजून ठेवलं, आणि खांबच हलतो हे डोक्यात आलं नाही. मग पहिलं निशाण कशाचं होतं? पोरगं कशावर हात पसरून उभं होतं?

सोमवारी कळलं. त्या जागी अख्खा गोळा निघाला, सगळ्या मैदानात सापडलेल्यांत सगळ्यात वाईट अवस्थेतला. तो हलवायची कुणाची छाती झाली नाही. रेतीची पोती रचून तिथेच उडवला. चर्चची एक काच तडकली म्हणे.

राजीवनं निघताना ते उपटलेलं निशाण पुन्हा जागच्या जागी खोचलं, पिशवी काढली आणि जिथे गडू निघाला तिथलीच माती भरली. बायकोला सांगून आला होता ना, आणतो म्हणून.

सुहासिनी जागीच होती. त्यानं ओट्यावर माती ठेवली आणि शेजारी गडू ठेवला. तिनं गडू लगेच ओळखला. ‘हा हरवला होता ना?’ म्हणाली. मग त्यानं सगळं सांगितलं. पहिल्यापासून. काही लपवलं नाही.

त्याला वाटलं, ओरडेल. मारेल. तिनं गडू उचलून पोटाशी धरला, आणि विचारलं,

‘तुला दिसला?’

‘हो.’

‘तू लपवून ठेवलंस, माझ्याशी खोटं बोललास, आणि तुला दिसला.’

‘सुहास...’

‘मी काय केलं होतं रे? मला का नाही?’



मग ती उठली आणि घटाची तयारी करायला लागली. बायका असं करतात, सरलालाही मी तसं करताना पाहिलंय. पितळी परातीत ती लाल माती ओतली, खडे वेचले, पाणी शिंपडून वाटीच्या बुडानं गुळगुळीत सारखी केली. धान्य सकाळी पेरायचं होतं. देवघरापुढे परात ठेवली, वर पातळ फडकं घातलं. हात घासून धुतले. राजीव सोफ्यावरच झोपला. ती जाऊन देवांगच्या खोलीत त्याच्या पलंगावर झोपली. वर्षभर ती तिथेच झोपत होती.

अस्थींचं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी अडायला नको. दसऱ्याला घट उठल्यावर दोघं विलमिंग्टनला समुद्रावर गेली. गडू सुहासिनीनं आपल्या हातानं रिता केला. त्यानंतर ‘तो अडकलाय’ हे तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

आता ती सकाळ. रविवार. सहाला आमचा फोन वाजला. राजीव. ‘काका, काकूंना घेऊन या. आत्ता या.’ आवाज असा, की मी रात्रीच्याच कपड्यांत निघालो.

दार उघडं होतं. राजीव भिंतीला टेकून उभा. देवघरापुढे सुहासिनी बसलेली, आमच्याकडे पाठ. फडकं बाजूला पडलेलं. मी वाकून परातीत पाहिलं.

गुळगुळीत मातीत, बरोबर मध्ये, एक पंजा उमटला होता. पाची बोटं. खोल. मातीला हात लावून आत यावं तसा.

आता तुम्ही म्हणाल, राजीवचा असेल. राजीवची बोटं आखूड, जाड, तालमीतली. मी त्याचा हात धरून बघितला, त्याच्या नखात मैदानावरची सुकलेली माती होती, ओली नव्हती. सुहासिनीचे हात स्वच्छ.

‘अगं, तुझं कपाळ...’ सरला म्हणाली.

सुहासिनी वळली. तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या कपाळावर, भुवयांच्या मधून वर केसांपर्यंत, लाल मातीची तीन बोटं ओढलेली होती. ओली.

फ्रीजचा आवाज तेवढा येत होता.

मग तिनं उजवा हात उचलला. हळूच, अगदी हळूच, त्या ठशावर धरला. टेकवला नाही. तळव्यावर तळवा. आम्ही सगळे वाकून बघत होतो.

मधल्या बोटाचा ठसा तिच्या बोटाच्या टोकाच्या पुढे निघाला होता. अर्धं पेर.

ती राजीवकडे बघून हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

‘वाढलाय रे तो,’ म्हणाली.